शिरूरच्या माळावर चार सेकंद

बीडच्या स्टँडवर शिरूर कासारच्या एसटीत चढताना कंडक्टरने माझ्या ट्रायपॉडकडे (कॅमेऱ्याच्या तिवईकडे) बोट दाखवलं. "मोजणीवाल्या का ताई?"

फोटो काढायला चाललेय म्हटल्यावर तो हसला. "शिरूरला? तिथं हाय काय, धोंड्याबिगर?"

"धोंड्यांचेच काढायचेत."

तिकीट देऊन तो पुढे गेला; पण दोन थांब्यांनंतर मुद्दाम परत आला. "रंगीत का काळे-पांढरे?"

काळे-पांढरेच. माझा कॅमेरा म्हणजे भाता लावलेली लाकडी पेटी. तिच्यात पोस्टकार्डाएवढी फिल्म एकेक करून घालायची, डोक्यावरून काळं फडकं घ्यायचं आणि मागच्या दुधी काचेवर चित्र जुळवायचं. तीन दिवसांसाठी मी बारा फिल्म्स आणल्या होत्या, म्हणजे बाराच फोटो.

गावापासून रिक्षाने अर्ध्या तासावर तो माळ लागला. गवत पार वाळलेलं, आणि त्यातून वर आलेले काळे गोल धोंडे. ऊनपावसाने त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. सर्वांत मोठ्या धोंड्याच्या सावलीत एक म्हातारा मेंढपाळ उभा होता. डोक्याला पांढरा फेटा, खांद्यावर घोंगडी. भानुदास त्याचं नाव.

"कावून आल्या ताई? इथनं रस्ता जायचाय का?"

मोजणी नाही, याची खात्री पटवायला मी त्याला फडक्याखाली बोलावलं. काठी बगलेत दाबून तो आत वाकला. मग आतून आवाज आला.

"अय्योऽ, मेंढरं वर पाय करून चरायलीत!" त्याने फडकं आणखी ओढून घेतलं. "आन धोंडा असा लोंबकळाय लागलाय, तर पडंना कसा?"

काचेवर चित्र उलटंच दिसतं, हे मी समजावलं. त्याला ते पटलं, तरी दिवसभरात चारदा येऊन त्याने धोंडा पडतोय का ते पाहिलं.

दुपारी त्याची बायको सोजरबाई भाकरी घेऊन आली. बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याचं कालवण. वाघुरीला (मेंढ्या कोंडायच्या जाळ्याला) टेकून आम्ही जेवलो. मी त्यांना मामा-मामी म्हणू लागले. माझं मात्र काम होत नव्हतं. वाऱ्याने भाता हलून पहिल्या दिवशी दोन फिल्म्स वाया गेल्या, दुसऱ्या दिवशी तीन.

तिसऱ्या संध्याकाळी वारा पडला. सूर्य नुकताच टेकला होता, उजेड मऊ झाला होता. धोंड्याचा आकार कळावा म्हणून मी मामांना त्याच्यापाशी उभं राहायला सांगितलं.

"चार सेकंद हलायचं नाही बरं का."

"चार? मी बगळ्यावानी दिसभर उभा ऱ्हातो."

काठी टेकून ते उभे राहिले. मी मोठ्याने चार आकडे मोजले. त्यांची पापणीसुद्धा लवली नसावी.

पुण्यात माझं न्हाणीघर हीच माझी डार्करूम. फळीवर एन्लार्जर (फिल्मवरचं चित्र कागदावर मोठं पाडणारं यंत्र), खाली रसायनांचे ट्रे, वर लाल दिवा. ट्रेमध्ये कागद हलवू लागले तसा आधी धोंडा उगवला, एकेक पापुद्र्यासह. मग फेटा. मग घोंगडीची प्रत्येक सुरकुती. उजव्या हाताच्या जागी मात्र हातच नव्हता. तिथे धुराचा झुबका होता, आणि काठीचं वरचं टोक दुहेरी झालं होतं.

आधी वाटलं, माझीच चूक. पण बाकी सगळं चित्र स्वच्छ होतं. हलला होता तो फक्त हात. काठी बगलेत दाबून फडक्याखाली वाकलेले मामा मला आठवले, आणि ती काठी इतकी घट्ट का धरली होती, तेही कळलं.

प्रिंट काढताना एखाद्या भागावर जास्त प्रकाश टाकला की तो भाग काळा होतो. मी दुसरी प्रत काढली. पुठ्ठ्याला भोक पाडून फक्त हातावर चाळीस सेकंद जादा उजेड दिला. हात धोंड्याच्या सावलीत बुडाला. दोन्ही प्रती घेऊन महिन्याभराने मी पुन्हा शिरूरला गेले.

मामा मोठ्या धोंड्यापाशी एकटेच होते. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे धरले. ते एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिले.

"हे झाकाय तुमाला किती येळ लागला?"

"चाळीस सेकंद."

"मी दोन वर्सं झालं झाकतुया." ते खाली बसले. "पोरं पुण्याकडं कामाला हायत. कळलं तर म्हणतील, मेंढरं इका आन इकडं या. तिथं मी काय करू?"

मग त्यांनी काळी केलेली प्रत मला परत दिली, आणि वाघुरीपाशी काम करणाऱ्या मामींना हाक मारली. "इकडं ये. तुला दावायचंय कायतरी."

मामींनी पदराला हात पुसून फोटो घेतला. त्यांचा चेहरा बदलला नाही.

"मला ठावं हाय की. च्या अर्धाच वतते मी तुमाला, ते कावून वाटलं?"

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हसले. मग डोळ्याला घोंगडी लावली.

दुसऱ्या दिवशी मेंढ्या पुतण्याकडे सोपवून ते दोघं माझ्याबरोबर बीडला आले. डॉक्टरांनी मामांना चालायला लावलं, बोटं जुळवायला सांगितली. मामींनी पिशवीतून फोटो काढून पुढे ठेवला, तेव्हा डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. कंपवात आहे, म्हणाले. जाणार नाही, पण गोळ्यांनी आवरेल. मेंढरांमागे चालणं चांगलंच. लोकर कातरायची कात्री मात्र दुसऱ्याच्या हाती द्यायची.

"मंजी इकायची न्हाईत?" मामांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

स्टँडवर मामी माझ्याजवळ सरकल्या. "ताई, माझा बी एक काढा. माझं काय काय हलतंय ते तरी कळंल."

पुण्याच्या गाडीत बसल्यावर मी मांडीवर ती काळी केलेली प्रत उघडली. छपाई म्हणून ती दोहोंत सरस आहे. असा खोल काळा मला क्वचितच साधला आहे. आजवर मी चांगली प्रिंट यावरूनच ठरवत आले. ती अजून माझ्याकडे आहे. कुणाला दाखवत नाही.