आठ कोअर आणि वहिनी

वहिनींच्या दुकानात कॉम्प्युटर घ्यायला गेलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास रिकाम्या हाताने परत यायचा. वहिनी त्याला एक कोरा कागद द्यायच्या आणि सांगायच्या, कॉम्प्युटरवर काय काय करणार ते घरी बसून नीट लिहा, मग या. निवृत्त मास्तरांपासून क्लासवाल्यांपर्यंत सगळे निमूटपणे कागद भरून आणत. काहीजण चिडून दुसऱ्या दुकानात जात. वहिनींना त्याचं काही वाटत नसे.

सुकापूरच्या रस्त्याला त्यांचा एक गाळा होता. दुकान मुळात नवऱ्याने काढलेलं. तो पुढे द्रोणागिरीला गोदामात नोकरीला लागला, पण तोवर त्याच्या शेजारी बसून वहिनी मशीन जोडायला शिकल्या होत्या. दहावीनंतर शाळा सुटलेली ही गावातली बाई मदरबोर्डवर प्रोसेसर बसवताना बांगड्या कोपरापर्यंत सरकवायची आणि त्या वेळी कोणाशी बोलायची नाही.

मी तेव्हा खारघरला इंजिनिअरिंगला होतो. बाजारात आठ कोअरचे, म्हणजे एकाच चिपमध्ये आठ कामकरी असलेले, प्रोसेसर नुकतेच आले होते आणि माझ्या कागदावर मी तेच सगळ्यात वर लिहिलं होतं. खाली गेमची नावं. वहिनींनी कागद वाचला आणि दुकानातल्या चार कोअरच्या मशीनवर माझाच एक गेम लावून दिला. मग टास्क मॅनेजर उघडून प्रत्येक कोअर किती काम करतोय ते सांगणारे चार चौकोन दाखवले. एकातली रेघ वर टेकली होती, दुसऱ्यातली निम्म्यावर, बाकीचे दोन जवळपास सपाट.

"चौघांतला एकच राबतोय," त्या म्हणाल्या. "आनखी चार आनून बसवलेस तर तेपन बसूनच राहतील. दोनच घे, पन चपळ घे. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल."

इंजिनिअरिंगच्या मुलाला हे गावातल्या बाईने सांगावं, हे मला लागलं. मी मुंबईला जाऊन आठ कोअरचं मशीन घेतलं. सगळे पैसे त्यातच संपल्याने ग्राफिक्स कार्ड साधंच बसवलं. गेम अडखळत चालायचा. दोन महिने मी मित्रांना तो झकास चालतो असं सांगत राहिलो आणि शेवटी कॅबिनेट रिक्षात घालून वहिनींकडे गेलो.

त्यांनी कॅबिनेट उघडून आत पाहिलं. त्या दिवशी दुकानात उरणचा दिनेश बसला होता. कोळीवाड्यातला हा तरुण लग्नाचे फोटो काढायचा. वर्षभरापूर्वी त्याने कागदावर तेवढंच लिहिलं होतं, म्हणून वहिनींनी त्याला दोन कोअरचं मशीन जोडून दिलं होतं. आता तो व्हिडिओ शूटिंगही करू लागला होता. एका लग्नाची फिल्म जोडून तयार करून बाहेर काढायला मशीन दिवसच्या दिवस घ्यायचं. दोन घरांनी दिलेलं काम परत घेतलं होतं. ऐन लग्नसराईत हातचं काम जाताना बघून तो रडकुंडीला आला होता.

वहिनींनी त्याची फिल्म माझ्या मशीनवर लावली. आठही चौकोन एकदम भरले. दिनेश खुर्चीतून उठून उभाच राहिला.

मग वहिनींनी आम्हा दोघांना समोर बसवून अदलाबदल सुचवली. माझा प्रोसेसर बोर्डासकट त्याला, त्याचा मला आणि वरचा फरक दिनेशने द्यायचा, त्यात मला चांगलं ग्राफिक्स कार्ड. जोडणीचं त्यांनी काही घेतलं नाही. दिनेश आभार मानू लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "तू काय करतोस ते मी इचारलं. पुढं काय करशील ते इचारलंच नाय."

इतकी वर्षं हजार लोकांना सल्ला देणारी बाई, आपल्या निम्म्या वयाच्या मुलासमोर हे म्हणाली. माझ्या दोन महिन्यांच्या खोट्या बढाया मला तिथेच नकोशा झाल्या.

नंतर लोक मोबाईलवर भागवू लागले, मशिनं घरपोच येऊ लागली. पण वहिनींचं दुकान त्याने बंद झालं नाही. ते बंद झालं साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली म्हणून. मी नोकरीतून सुट्टीवर आलो होतो, तेव्हा त्यांनी बोलावणं पाठवलं. सुकापूरच्या अंगणवाडीसाठी कबूल केलेलं एक मशीन जोडायचं राहिलं होतं.

त्या स्टुलावर बसून सांगत होत्या, मी जोडत होतो. प्रत्येक वायर बसवल्यावर त्या बोटांनी चाचपून खात्री करून घ्यायच्या. एक वायर उलटी लागली होती. ती त्यांनी काढून पुन्हा माझ्या हातात दिली. शेवटी मी बटण दाबलं आणि पंखा फिरू लागला.

"अक्षरं आली काय?" त्यांनी विचारलं.

आली म्हटलं.

"वाच."

मी काळ्या पडद्यावरची एकेक ओळ मोठ्याने वाचत गेलो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क. प्रत्येक ओळीला वहिनी मान हलवत होत्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "परत एकदा वाच." मी पहिल्यापासून सुरुवात केली.