गोठ्यातलं बाळंतपण

तलमडुगूच्या जयवंताबाईच्या हातून पंचक्रोशीतली शे-दीडशे बाळंतपणं झाली. पण पोटच्या लेकीच्या वेळी ती जवळ नव्हती. देशमुखांच्या सुनेपाशी अडकली होती. इकडे शकूला सासरच्यांनी घरात विटाळ नको म्हणून गोठ्यात ठेवलेलं. जयवंताबाई धावत पोचली तेव्हा शकू थंड पडली होती, बाळही गेलं होतं.

मग गावानं तिला बोलावणंच बंद केलं. ‘सोताची लेक वाचवली नाही, आमची काय वाचवन?’ बाया तोंडावर म्हणत. निजामाच्या राज्यातलं ते दुष्काळी साल. नेरडीगोंड्याच्या मिशन दवाखान्यात, जालन्याकडून आलेल्या नर्स विमलबाईंनी तिला झाडलोटीला ठेवून घेतलं.

पहिल्या नाताळाला विमलबाईंनी अंगणात बायांना जमवून येशूच्या जन्माची गोष्ट सांगितली. खानेसुमारीसाठी, माणसं मोजायला, आपापल्या गावी जायचा बादशहाचा हुकूम, दिवस भरलेली मरिया, धर्मशाळेत जागा नाही. शेवटी गोठ्यात बाळंतपण, गव्हाणीत बाळ. “आज रोमेत, विलायतेत, अमेरिकेत, आफ्रिकेतसुद्धा हा सण चाललाय.”

“सुईन कोन होती?” जयवंताबाईनं विचारलं.

विमलबाई म्हणाल्या, “पवित्र शास्त्रात लिहिलेलं नाही, बाई.”

“अन् हा दिवस? तो तरी लिहेल हाय का?”

“तोही नाही. तीन-साडेतीनशे वर्षांनी रोमेतल्या मंडळींनी ठरवला. तिथं याच दिवसांत सूर्याचा सण असायचा, असं पाद्रीसाहेब सांगतात.”

“सुईनीचा पत्ता नाही, अंगाखाली गवत, तरी दोघं बी वाचले. मंग माही शकू काऊन गेली?”

“देवाची इच्छा,” विमलबाई म्हणाल्या.

त्याच दुपारी अडलेली बाई घेऊन एक बैलगाडी आली. मूल आडवं होतं. “जयवंताबाई, हात लावा, तुम्हाला येतं हे,” विमलबाई आतून ओरडल्या. ती उंबऱ्यापर्यंत आली. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळले.

“माहा हात नका लावू तिले,” एवढंच बोलून ती भिंतीला टेकून बसली.

बाई वाचली, मूल गेलं. जयवंताबाईनं रक्ताची फडकी गोळा केली.

पुढं अकरा वर्षं ती तिथंच राहिली. नवजात बाळाला तिनं कधी शिवलं नाही. नाताळाच्या सकाळी धुण्याचं गाठोडं घेऊन ती ओढ्यावर जाई, आणि अंगणातली गाणी थांबल्याशिवाय परतत नसे.