डावा कौल

देवीशी मी आयुष्यात एकदाच भांडले, आणि तेही तिच्या गाभाऱ्यासमोर उभी राहून.

माझ्या शालूचा वरचा कान बुगडीसाठी टोचला आणि भोकावर गाठ धरली. आधी मिरीएवढी, मग बघता बघता करवंदाएवढी. खाजायची, ठणकायची. मुली चिडवायच्या म्हणून पोर सदा केस कानावर ओढून बसायची. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "नुसती कापली तर बहुधा परत येते, वाढून येते. मुंबईला कापल्यावर लगेच क्ष-किरण देतात, तिकडे न्या." पण मला बोट लागायची, मुंबईचा प्रवास नको वाटायचा. मी हट्टच धरला, काय ते इथेच कापा. शेवटी ते बिचारे नाइलाजाने म्हणाले, "बरं, उद्या आणा."

आमच्याकडे देवीला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. पोरीची गाठ इथेच कापावी का, असं गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं लावली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. "पुन्हा लावा," मी म्हटलं. पुन्हा डावंच! "अगो बये, हे लेकरू तुझं नाही काय?" असं मोठ्याने बोलून मी शालूला घेऊन तरातरा बाहेर आले आणि पायरीवर बसले.

तिथे मिरकरवाड्याची एक मासेवाली टोपली उतरवून पाया पडायला थांबली होती. तिने शालूच्या कानाकडे टक लावून पाहिलं आणि आपला पदर बाजूला केला. तिच्या कानावर आवळ्याएवढी गाठ!

"दोनदा कापली गो बाय. दर खेपेला मोठी होऊन आली. पोरीचं असं करू नको," ती म्हणाली आणि तिने शालूच्या गालावरून हात फिरवला.

मला रडूच कोसळलं. आत जाऊन देवीपुढे नाक घासलं आणि घरी येऊन ह्यांना म्हटलं, बोटीची तिकिटं काढा.

बोटीत मी ओकून ओकून अर्धी झाले. शालू मात्र मजेत समुद्र बघत होती. गाठ कापली, किरण दिले, पुढेही काही खेपा घालाव्या लागल्या. वर्ष उलटलं तरी गाठ आली नाही. मग देवीची ओटी भरली आणि त्या मासेवालीला शोधून लुगडं दिलं. म्हटलं, "तूही चल मुंबईला, मी नेते."

ती खळखळून हसली. "ऱ्हाऊ दे गो. ही गाठ नसती तर तुला काय दाखवलं असतं?"

आताही कधी कौल डावा पडतो. मी भांडत नाही. हात जोडते, आणि पायरीवर थोडा वेळ बसून राहते.