चारशे त्रेसष्टचं स्टूल

चौकोनाशी इतक्या अदबीने वागणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या भिलाईत सापडणार नाही. जन्मभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात पेन्सिल चालवून ते निवृत्त झाले आणि मग नेहरू नगरच्या एका क्लासात, नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकले. पहिल्याच दिवशी मास्तरांशी वाजलं. आकार मोठा करायचा तर माउसने कोपरा पकडा आणि ओढा, असं मास्तर म्हणाले. मामाजींनी माउस सोडून दिला. "कान धरून ओढाव नाई कोणाले," ते म्हणाले. "माप लिवा. तो सोताच वाढते." तेव्हापासून प्रत्येक रेघेचं माप आकड्यात लिहायचं, कुलूप लावल्यासारखं ते पक्कं करायचं आणि रेघ वाढली की तिला "शाबास" म्हणायचं, हा त्यांचा रिवाज. चष्मा पुसल्याशिवाय ते वर्तुळाला हात लावत नसत. आणि आकडा शून्याने किंवा पाचानेच संपला पाहिजे. बाकीचे आकडे त्यांना उनाड वाटत.

हे कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. स्मृती नगरातल्या एका लग्नात बॅनरवाल्याने जागा भरायला नवरदेवाचा फोटो आडवा ताणला होता. मामाजी खिशातला टेप काढून त्याच्यासमोर उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "नवरदेव असा नाई. रुंदीत दीडपट झाला हाये, उंची तेवढीच हाये. आत जाऊन खरा पाहून घ्या." वरपित्याने हातातली प्लेट खाली ठेवली. जावई म्हणून मीच त्यांना स्कूटरवर बसवून घरी आणलं. हकिगत ऐकून मामी म्हणाल्या, "आता माह्या पोळीलेही कुलूप लावा."

आता जे दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही, ते सांगतो. गुडघ्यांमुळे मामींना खाली बसवेना, म्हणून मामाजींनी त्यांच्यासाठी लोखंडी स्टुलाचं ड्रॉइंग काढायला घेतलं. तीन आठवडे त्यांच्या पायांची मापं घेतली. सकाळी, संध्याकाळी, चपलेसकट, चपलेविना. उंची ठरली तीनशे ऐंशी मिलिमीटर. त्यांचा प्रिंटर बिघडला होता, म्हणून छापून वेल्डरला द्यायला फाइल माझ्याकडे आली. पडद्यावर मला ते स्टूल बुटकं वाटलं. आपल्यालाही ड्रॉइंग थोडंफार येतं, ही घमेंड होतीच. मी माप पुसलं, कोपरा पकडला आणि ओढला. नजरेला बरं दिसलं तिथे सोडलं. नवं माप पडलं चारशे त्रेसष्ट.

स्टूल आलं. मामी बसल्या, तर पाय जमिनीला टेकेनात. "अवो, मी तं लोंबकळून राहिली."

मामाजींनी टेप लावला, आकडा वाचला आणि टेप मिटला. "माप चुकलं माह्यं," एवढंच म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. वर चहाही प्यालो. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटरवर खोळ चढली. मामींनी मुद्दाम वाकडी पोळी वाढली, तरी ते मुकाट्याने खाऊन उठू लागले.

परवा मला राहवेना. गेलो. मामी स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या आणि त्यांचे पाय झोपाळ्यावरच्या मुलीसारखे हलत होते. मी सगळं सांगून टाकलं.

मामाजींनी कपाटातून एक गुंडाळी काढली. त्याच स्टुलाचं, हाताने नव्याने काढलेलं ड्रॉइंग. उंची चारशे त्रेसष्ट. जन्मभर ज्यांनी वस्तू ड्रॉइंगप्रमाणे करायला लावली, त्यांनी वस्तूप्रमाणे ड्रॉइंग बदललं होतं. कोपऱ्यात फेरबदलाचा तक्ता होता. बदल: उंची वाढवली. कारण: पाय हलवते, खुश राहते. बदल करणारा: हा खाना कोरा.

"तुमाले मालूम होतं?"

"चारशे त्रेसष्ट मी सोताहून जन्मात लिवलं नसतं, जवाईबापू."

"मंग बोलले कावून नाई?"

"जवायाचं नाव चूक करणाऱ्याच्या खान्यात आपल्या हातानं कसं लिवू? तुमी सोताहून याल मनून वाट पाहून राहिलो होतो."

"आन् कॉम्प्युटर?"

"एका कागदावर सही बाकी असताना दुसरा सुरू करत नाई मी. ऑफिसातही केला नाई."

म्हणजे दोन वर्षं त्यांचं काम माझ्या सहीसाठी अडलं होतं. त्यांनी पेन्सिल पुढे केली. माझी सही लांबलचक, ती खान्याबाहेर गेली. मी खोडरबर शोधू लागलो.

"राहू द्या," मामाजी म्हणाले. "खाना लहान पडला. मोठा करू." त्यांनी खोळ काढली आणि चष्मा पुसला. इतक्या दिवसांनी कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं मामींच्या पायांकडे पाहत बसलो.