बियाण्याचे तीन भोपळे

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिच्यापासून तर माझी चोरून खाल्लेली जिलबीही लपत नाही.

मी एक पुस्तक लिहिलंय. पोरांसाठीची कादंबरी. मुकुटबनच्या आसपास कोणालाही विचारा — "सरचं पुस्तक? वाचलं ना!" म्हणतील. देश स्वतंत्र झाला होता, पण पैनगंगेपलीकडे अजून निजामाचं राज्य होतं. रझाकारांनी एक गाव पेटवलं. आईनं दोन लेकरांना मागच्या दारानं नदीकडे पिटाळलं. आणि तेरा वर्षांच्या भावानं दहा वर्षांच्या बहिणीला पाठीवर घेऊन श्रावणातला पूर ओलांडला. भाऊ म्हणजे माझे वडील, दादा. बहीण म्हणजे माझी मुक्ताआत्या. त्या पुस्तकाचा मला फार गर्व होता. का नसावा? माझा बाप होता तो!

आता सांगतोच. नाही — आधी भोपळ्यांचं सांगतो.

आमच्या नदीकाठी बियाण्यासाठी राखलेले दुधी भोपळे आढ्याला टांगून वाळवतात. आत बी खुळखुळतं, आणि असा भोपळा पाण्यात बुडत नाही. पळता पळता तीन भोपळे आढ्यावरून काढून घ्यायचं सुचलं, म्हणून ती दोघं जगली. पुस्तकात ते दादांना सुचतं. दोन भोपळे ते बहिणीला बांधतात, एक स्वतःला. आमच्या शाळेत पुस्तकावरून नाटक बसवतात, त्यात इथे टाळ्या पडतात.

दादांनी जाण्याआधी मला जवळ बसवून सांगितलं होतं — "मले पोहता येत नोतं रे. मी काठावर रडत बसलो होतो. मुक्तीनं आणलं मले. लिहिशील तं खरं लिहिजो."

खरं लिहिजो! आणि मी काय लिहिलं? बापाला रडका दाखवायला माझा हात धजेना — छे, हेही सोंगच. लोकांनी मला वाघाचा पोरगा म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

एका वर्षी शाळेत ते नाटक होतं. आत्या पहिल्या रांगेत. नाटक संपलं तशी ती उठली, पोरांजवळ गेली आणि भोपळ्यांची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागली. "अशी नाही बाप्पा, काखेखालून घ्या. नाहीतर भोपळा वर अन् माणूस खाली!" सातवीतली एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "आजी, तुमाले कसं माहीत? तुमी तं पाठीवर होत्या ना?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चार हातांवर उभा. माईक माझ्याच हातात. एक वाक्य — एकच वाक्य बोलायचं होतं. मी माईकची वायर गुंडाळत राहिलो.

"पाठीवरून सारं दिसते, पोरी," ती म्हणाली.

मला वाचवलं तिनं. आधी माझ्या बापाला, मग मला. आणि त्या दिवशी मला काय वाटलं असेल? सुटलो! एवढंच वाटलं.

गेल्या साली आत्या गेली. शोकसभेत मी उभा राहिलो. आता तरी? नाही. "भावानं वाचवलेली बहीण आज भावाकडे गेली," असं म्हणालो. लोकांनी डोळे पुसले. थू माझ्या जिभेवर.

तिचा मला इतका अभिमान आहे की सांगताना छाती भरून येते. आणि दादांचाही आहे, हो! धाकट्या बहिणीनं आपल्याला ओढून आणलं, हे पोटच्या पोराला सांगायला हिंमत लागते. ती हिंमत माझ्या बापाजवळ होती. मला वाघाचीच पडली होती, ती कुठली दिसायला!

तर ऐका. आढ्यावरचे भोपळे मुक्तानं काढले. दोन तिनं भावाला बांधले, एक स्वतःला. त्याच्या दोरीचं टोक दातांत धरून तिनं त्याला पैनगंगेच्या अलीकडे आणलं. ती दहा वर्षांची होती.