फक्कीकाकांची वही

मैदानावर आले की ते आधी चपला काढत. फक्की अनवाणी टाकायची, पायाला जमीन कळते, म्हणत. चहा पिताना मैदानाकडे पाठ करत नसत. कुठेही गाडी सुरू झाली की बोलणं अर्ध्यावर टाकून मान वळवत. संध्याकाळी एक फेरी मारत. मग कानावरची पेन्सिल, खिशातली वही, तारीख, दोन-चार ओळी. वही परत खिशात आणि खिशाला सेफ्टी पिन.

लायसन्सच्या कार्यालयात त्यांना सगळे फक्कीकाका म्हणत. पदाने शिपाई. पेन्शनला सात महिने उरलेले. रोज सकाळी मैदानावर पांढऱ्या फक्कीने इंग्रजी आठचा मोठा आकडा काढायचा, एकाला एक चिकटलेली दोन वर्तुळं, हे त्यांचं काम. त्यावरून गाडी नेली की परीक्षा पास.

निदान कागदावर तसं होतं.

कार्यालयात नवा आलेला कारकून साहित्याचा पदवीधर होता. खिडकीपाशी बसून दिवसभर अर्जांवर शिक्के मारी. अर्ज दोन तऱ्हांचे असतात, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. एजंटाकडून आलेल्या अर्जाला कोपऱ्यात हिरवी टाचणी असे. टाचणीवाला गाडीवर बसे, दहा पावलं पुढे जाई, उतरे. पास. बिनटाचणीवाल्याला अख्खा आठ मारावा लागे. पाय टेकला, नापास. नाही टेकला, तर हात नीट दाखवला नाही म्हणून नापास.

कारकुनाला याचं फार काही वाटलं नाही. तीन वर्षांपूर्वी तोही इथूनच टाचणीने पास होऊन गेला होता. त्याला वेड लावलं ते वहीने. रोज खिडकीतून तो बघे. काय लिहीत असतील?

हाच प्रश्न परीक्षा घेणाऱ्या साहेबांनाही पडला होता. एक दिवस त्यांनी त्याला आत बोलावलं.

“तू साहित्याचा ना रे?”

“हो साहेब.”

“मग वाचायची सवय असेल. त्या म्हाताऱ्याची वही वाचून ये. कुणी किती दिले ते टिपून ठेवतोय, माझी खात्री आहे. पेन्शन जवळ आली की माणसाला सत्याचा उमाळा येतो.”

“आणि तसं निघालं तर?”

“तर सात महिने गोदामात बसून उंदीर मोजेल.”

चोरून वाचायचं कारकुनाच्या जिवावर आलं. त्याने सरळ विचारलं. “काका, वहीत काय लिहिता?”

“बघ की.” काकांनी लगेच पिन काढली. कधीपासून कुणी विचारायची वाट बघत असावेत.

निळी स्कूटर. वेणीवाली. वळण सुरेख. येतं.

काळी मोटरसायकल. मिशा मोठ्या, पाय जमीन सोडेनात. येत नाही.

पांढरी गाडी. घामाघूम. पाहायचं राहिलं.

पाहायचं राहिलं. पाहायचं राहिलं. पानंच्या पानं तेच. पैशाचा मात्र एक आकडा नाही.

“हे काय, काका?”

“कुणाला गाडी येते आणि कुणाला नाही, ते. दहा पावलांत उतरला, त्याचं पाहायचं राहिलं.”

“आणि कोण किती देतं?”

“ते चहावाल्यालाही माहीत आहे. त्यात काय टिपायचं? गाडी येते का, हे मात्र कुणालाच माहीत नाही. रस्ता ओलांडताना मी सारखा बघतो, हा समोरून सुसाट येतोय तो आपल्या वहीतला कुठला?”

कारकुनाने तीन वर्षं मागची पानं उलटली. लाल मोपेड. चष्मा. पोटात गोळा आल्यासारखा चेहरा. पाहायचं राहिलं. त्याची कानशिलं तापली.

“तूच ना तो?” काका म्हणाले. “मग? येतं का?”

“येतं… बहुतेक.”

“बहुतेक हा शेरा माझ्याकडे नाही, बाळा. सोमवारी लवकर ये मोपेड घेऊन. ताजा आठ काढून ठेवतो.”

कारकुनाने साहेबांना सगळं सांगितलं. काकांचं भलं होईल असंच त्याला वाटलं होतं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “येतं, येत नाही! आणि आम्ही इथे घाम पुसतोय!” मग त्यांचं हसू हळूहळू विरलं.

“अरे, माझी मुलगी शाळेच्या व्हॅनने जाते. तिच्या ड्रायव्हरला मीच पास केलंय. पिवळी व्हॅन. डाव्या भुवईवर व्रण. बघून ये जरा.”

काकांनी शेवटून पानं चाळली. बोट थांबलं. पाहायचं राहिलं.

त्या दुपारी साहेब अर्धी रजा टाकून मुलीला आणायला स्वतः शाळेत गेले. रविवारी सकाळी त्यांनी ड्रायव्हरला मैदानावर बोलावलं. कारकूनही गेला. राहवेचना. काकांनी ताजा आठ काढला आणि बाजूला झाले. पिवळी व्हॅन दोन्ही वर्तुळांतून फिरून आली. मग न सांगता तशीच उलटी गेली. फक्कीचा कण हलला नाही. काकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी सुस्कारा सोडला. मग ते चिडले. “एवढं येतं, तर एजंटाकडे कशाला गेलास, गाढवा?”

ड्रायव्हरने मान खाजवली. “न जाता तीनदा आलो होतो की, साहेब. तिन्ही वेळा तुम्हीच नापास केलंत. शाळावाले थांबेनात, मग गेलो.”

काका तेवढ्यात आणखी मागची पानं उलटत होते. “खरंच की! हा बघा. दुसऱ्याची गाडी आहे, पण भुवईवर व्रण. येतं. हा पुन्हा. येतं. हा तिसरा. येतं.” हरवलेली किल्ली सापडावी तसा त्यांचा चेहरा उजळला होता.

साहेबांचा मात्र उतरला. कार्यालयाच्या रजिस्टरात त्याच तीन तारखांना त्यांच्या सहीने काय लिहिलं आहे, ते त्यांना पाठ होतं. आणि असे ‘येतं’ वहीत किती असतील?

“वही उद्या माझ्या टेबलावर हवी,” ते म्हणाले.

सोमवारी कारकून उजाडताच मोपेड घेऊन पोचला. काका अनवाणी, वाकून, मागे मागे सरत होते. वरचं वर्तुळ पुरं झालं होतं. इतक्यात दुसरा शिपाई पाकीट घेऊन धावत आला. बदली. गोदामात. ताबडतोब.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. फक्कीचा डबा होता तिथेच ठेवला, तळपाय झटकले, चपला घातल्या. पिन काढून वही कारकुनाच्या हातात दिली.

“टेबलावर ठेवायची की नाही, तुझं तू ठरव.”

“काका, माझ्यामुळे हे—”

“तुझा शेरा राहिला बघ,” ते म्हणाले, आणि निघाले.

कारकुनाने वही शर्टाच्या आत खोचली. काय करावं सुचेना, म्हणून मोपेड सुरू केली. फाटकापाशी गेलेल्या काकांची मान वळली. ते थांबले. हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला.

त्याने वरचं वर्तुळ घेतलं. जपून, पाय न टेकता. तो मध्यावर आला. खाली वळायचं होतं, पण पुढे फक्की नव्हती. अर्धा भरलेला डबा होता आणि त्याच्यापाशी येऊन थांबलेली पांढरी पावलं. फाटकात दुसरा शिपाई काकांना दंडाला धरून, चला म्हणत होता.