छत्रीवर पडलेली घार

राजाजीनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेळगावाकडच्या एक बाई शहाळी विकतात. नाव मी कधी विचारलं नाही. सगळ्यांसारखी मीही अक्काच म्हणते. दिवसभर कोयता चालतो, पण तहान लागली की त्या बाटलीतलं पाणी पितात. "विकायचा माल आपण तोंडाला लावू नये," म्हणतात.

परवा भर दुपारी त्यांच्या छत्रीवर धप्पकन घार आदळली आणि खाली घसरली. चोच उघडी, उन्हाने पार गळून गेलेली. लोक मोबाइल काढून जमले. अक्कांनी शहाळ्यांवरचं ओलं पोतं ओढलं आणि तिच्यावर आडोसा धरला.

"स्वल्प सरका की! वारा लागू द्या तिला."

मग मला म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा इथं आमच्या घरात पंखा नव्हता. लागायचाच नाही. उकाडा वाढला तसा आपण घेतला. हिनं काय करायचं?"

त्यांनी बाटलीतलं पाणी शहाळ्याच्या रिकाम्या कवटीत ओतून तिच्यापुढे ठेवलं.

ऊन उतरल्यावर घार शहाळ्याच्या कवटीतलं पाणी प्यायली, अडखळली आणि तारांच्याही वर निघून गेली. अक्का मान वर करून बघत राहिल्या. मग त्यांनी एक शहाळं फोडलं. मी हात पुढे केला, तर त्या स्वतःच घटाघटा पिऊन मोकळ्या झाल्या.